वर आलेल्या सळया

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. गावच्या घराची गच्ची गळतेय, माजघराच्या छताला ओल आलीय, पाऊस बसायच्या आत काहीतरी करायला हवं. वॉटरप्रूफिंगवाला येऊन पाहून गेला होता. "तो म्हणतोय, सळयांच्या बुडाशी भेगा पडल्यात, पाणी तिथूनच उतरतंय. सळया मुळापासून कापल्याशिवाय काम टिकणार नाही. कापू ना गं ताई?" मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "काप की, त्यात विचारायचं काय," असं बोलून गेले. फोन ठेवला, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. काहीतरी चुकीचं बोललो आहोत एवढं कळत होतं. काय ते कळत नव्हतं.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावातलं ते घर अण्णांनी १९८४ साली बांधलं. शाळामास्तराच्या पगारात आणि सोसायटीच्या कर्जात तळमजलाच बसत होता. स्लॅब पडला त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "मास्तर, सळया वर ठेवतो बरं का. पोराला मजला चढवायचाय." नऊ खांब, प्रत्येकाच्या चार सळया, अशा छत्तीस सळया गच्चीवर हातभर वर आलेल्या. वरच्या मजल्याचा नकाशा अण्णांनी शाळेतल्या आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढला होता. पूर्वेची खोली माझी, मागची भावाची, मध्ये पुस्तकांची. दर वैशाखात ते सिमेंटचं दाट पाणी करून जुन्या ब्रशने सळयांना फासायचे, गंजू नयेत म्हणून. आईने त्यांचा वेगळाच उपयोग शोधला होता. दोरी बांधायला, कुरडयांवर धरलेल्या लुगड्याचे कोपरे अडकवायला. आम्ही त्यांच्यामधून पकडापकडी खेळलो, खरचटून घेतलं, धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली. मी लग्न होऊन पुण्याला आले, भाऊ नोकरीला बडोद्याला गेला. अण्णा गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. नकाशा आईच्या ट्रंकेत आहे. मजला चढायचा नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी कुकरसमोर उभं राहून ते मी म्हणून टाकलं.

रात्री झोप लागेना. आणि डोळ्यांसमोर गावची गच्ची येईना. येत होती दूर सिसिलीतली एक दगडाची खाण.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीला लेकीबरोबर सिसिलीला गेले होते. बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सेलिनुंते म्हणून जागा आहे. ग्रीक वसाहतकऱ्यांनी वसवलेल्या सेलिनस नगरीचे अवशेष तिथे आहेत. तिथे पोचायच्या आधी लेकीने गाडी आत वळवली. कास्तेलव्हेत्रानोच्या बाजूच्या त्या रस्त्याला दोन्हीकडे ऑलिव्हच्या बागा, आणि मधूनमधून अर्धवट बांधलेली घरं. खाली बिऱ्हाड नांदतंय, खिडकीत कुंड्या, दोरीवर कपडे, आणि गच्चीवर खांबांच्या गंजक्या सळया उभ्या. मी लेकीला म्हटलं, "अगं, हे तर आपलंच गाव." ती म्हणाली, "इथेही पोरांसाठी मजला ठेवतात आई." एवढं बोलून आम्ही काव्हे दि कुझाला पोचलो. सेलिनसच्या देवळांचा दगड जिथून काढत, ती ही खाण. नगरीपासून साधारण अकरा-बारा किलोमीटर.

खाण म्हटल्यावर मी खोल खड्डा कल्पिला होता. तसं नाही. पिवळसर चुनखडीचा एक लांबच लांब कट्टा आहे, माणसाच्या दोन-तीन पुरुष उंचीचा, आणि त्याच्या पायथ्याशी ऑलिव्हची झाडं, गवत, पिवळी रानफुलं. मधमाश्यांचा आवाज सोडला तर शांत. आणि त्या कट्ट्यात, जणू पिठाच्या उंड्यातून वाटीने पुऱ्या कापाव्यात तसे, खांबांचे अजस्र गोल तुकडे अर्धे कापलेले. ग्रीक खांब म्हणजे एकावर एक रचलेली दगडी दंडगोलं. ती इथे वरून खाली कोरत न्यायची. आधी खडकावर वर्तुळ आखायचं, मग त्याच्याभोवती चर खणत खाली जायचं, शेवटी बुडाशी पाचर मारून तुकडा सुटा करायचा, लाकडी सांगाड्यात बसवायचा आणि बैलांनी ओढत नगरीत न्यायचा. कुझामध्ये या कामाची प्रत्येक पायरी आजही आहे. एका ठिकाणी नुसतं वर्तुळ आखलंय. एका ठिकाणी चर गुडघाभर. एका ठिकाणी तुकडा पूर्ण सुटा झालाय, फक्त तळाशी आईच्या पोटाला चिकटून आहे. काही तुकडे निघाले आणि नगरीच्या वाटेवर सुटले, तिथेच राहिले.

एका तुकड्याभोवतीच्या चरात मी उतरले. जेमतेम हातभर रुंद, एक माणूस वाकून टाकी चालवेल एवढाच. दोन्ही खांदे दगडाला लागत होते. तळहात टेकवला तर टाकीचे तिरपे ओरखडे लागले, सगळे एकाच दिशेला उतरणारे, ताजे असावेत तसे खरखरीत. मला एकदम आमच्या गल्लीतली पाथरवटीण आठवली. "पाट्याला टाकी लावाऽय" अशी हाक देत उन्हात यायची. आई पाटा बाहेर काढून द्यायची आणि ती मांडी घालून टक टक टक करत पाट्यावर रांगोळीसारख्या तिरप्या रेघा पाडायची. जळल्यासारखा दगडाचा वास यायचा. त्यानंतरच्या पहिल्या दोन चटण्यांना कचकच लागायची, म्हणून आई आधी नुसतं मीठ आणि तांदूळ वाटून टाकून द्यायची. कुझाच्या त्या चरात तोच वास होता असं म्हटलं तर खोटं होईल. अडीच हजार वर्षांत वास उरत नाही. पण हाताला जे लागलं ते तेच होतं.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे अण्णांचं शुद्धलेखनाचं लाडकं वाक्य. दर वर्षी नव्या वर्गाला घालायचे. या दगडांनी घाव सोसले होते.

सेलिनस हे नाव एका पाल्याचं आहे. सेलिनोन म्हणजे रानटी सेलरी, आपल्या धने-जिऱ्या-ओव्याच्या कुळातली. नदीकाठी मुबलक उगवायची म्हणून नदीचं नाव सेलिनस, आणि नदीवरून नगरीचं. नगरीने नाणी पाडली तेव्हा त्यांवर देव नव्हे, सिंह नव्हे, ते एक पान घातलं. गावाला वड, पिंपळ, आंबा यांवरून नाव असणं आपल्याला नवं नाही. पण भाजीच्या पाल्यावरून नाव घेणारं गाव श्रीमंत व्हावं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. हा पाला ग्रीकांकडे दोन जागी लागायचा. इस्थमियाच्या खेळांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर, आणि मेलेल्याच्या थडग्यावर. कुणी अगदी शेवटच्या घटका मोजत असेल तर 'आता ह्याला सेलिनोनच हवं' असं म्हणत. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने एक प्रसंग लिहून ठेवलाय. टिमोलिऑन हा सेनापती याच पश्चिम सिसिलीत, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून आलेल्या कार्थेजवर चाल करून जात असताना वाटेत सेलिनोन लादलेली खेचरं समोरून आली. सैनिकांच्या पोटात गोळा आला, अपशकुन म्हणून. टिमोलिऑन थांबला, त्याने तोच पाला घेऊन डोक्यावर मुगुटासारखा चढवला, म्हणाला, हा तर विजेत्याचा पाला. आणि ती लढाई ते जिंकले. एकच पाला. पाहणाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर सगळं.

नगरी वसली ती वसाहतीच्या पोटातून निघालेली वसाहत म्हणून. मेगारा हे ग्रीसमधलं मूळ गाव. तिथल्या लोकांनी सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर मेगारा हिब्लेया वसवलं, आणि शंभर वर्षांनी तिथल्या लोकांनी पश्चिमेला येऊन सेलिनस. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या हिशेबाने हे इ.स.पू. ६२८ च्या सुमाराचं. नंतरचा इतिहासकार डायोडोरस, त्याच्या हिशेबाने त्याच्या वीस-बावीस वर्षं आधीचं. थ्युसिडिडीस एक गोष्ट मोलाची सांगतो. नवं गाव वसवायला पामिलस नावाचा माणूस त्यांनी मुद्दाम मूळ मेगाराहून बोलावून घेतला. शंभर वर्षं समुद्रापलीकडे काढल्यावरही नव्या घराची कुदळ मारायला आजोळचा माणूस हवा. भूमिपूजनाला आमच्या घरी मूळ गावाहून थोरले काका आले होते; त्यांनी पहार मारल्याशिवाय अण्णांनी पाया खणू दिला नव्हता. त्यामुळे मला पामिलस फार जवळचा वाटतो. त्याच्याबद्दल याहून काहीच ठाऊक नाही तरी.

आणि मग पुढच्या दोनशे वर्षांत या लोकांनी जे बांधलं, ते पाहताना जीव दडपतो. मागे गव्हाची सुपीक जमीन, पुढे दोन नद्यांच्या मुखांशी दोन बंदरं, आणि कार्थेजच्या मुलखाशी लागून व्यापार. पूर्वेच्या नदीकाठी कुंभारांची वस्ती होती. उत्खननात तिथे ऐंशीच्या आसपास भट्ट्या सापडल्या आहेत. कौलं, भांडी, मूर्ती सगळं तिथे भाजलं जायचं. पश्चिमेच्या नदीपलीकडे मालोफोरोस देवीचं ठाणं आहे. मालोफोरोस म्हणजे फळ धरणारी, धान्यदेवी डिमिटरचं रूप. तिथे बारा हजारांवर मातीच्या बाहुल्या मिळाल्या. बहुतेक बायकांच्या, कुणाच्या हातात डाळिंब, कुणाच्या हातात फूल. हे नवस. पालेर्मोच्या संग्रहालयात त्यांतल्या काही पाहिल्या तेव्हा त्यांचे चेहरे साच्यातून निघालेले, सारखेच होते, आणि तरी त्या घेऊन आलेल्या बायका काही सारख्या नव्हत्या, हा विचार सुटेना. कुणाला मूल हवं, कुणाचं पोर तापाने फणफणलंय. बारा हजार वेळा कुणीतरी नदी ओलांडून गेलं.

देवळांना आज नावं नाहीत, रोमन लिपीतली नुसती अक्षरं आहेत: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. देव कोणता याची खात्री नसल्याने अभ्यासकांनी सरळ अक्षरं दिली. पूर्वेच्या टेकाडावर ई देऊळ विसाव्या शतकात पुन्हा उभं केलंय, त्याचे खांब समुद्रावर पाठमोरे सोनेरी दिसतात आणि फोटो सगळे त्याचेच निघतात. मला ओढून घेतलं ते पलीकडच्या जी देवळाने, जे देऊळ नाहीच. दगडांचा डोंगर आहे. साधारण पन्नास मीटर रुंद, एकशे दहा मीटर लांब, खांब सोळा मीटरांहून उंच. इ.स.पू. ५३० च्या सुमारास काम सुरू झालं. सव्वाशे वर्षं चाललं. एवढ्या काळात खांब घडवायची रीतच बदलली. पूर्वेकडचे खांब जुन्या वळणाचे, सडपातळ, आणि पश्चिमेकडचे नव्या वळणाचे, भरदार. म्हणजे ज्याने पहिला खांब उभा केला त्याच्या पणतवंडांनी शेवटचे घडवले, आपल्या पद्धतीने घडवले, आणि तरी ते एकाच देवळाचे मानले. कुझातले सर्वांत मोठे तुकडे याच देवळासाठी होते. त्या ढिगाऱ्यातून एक खांब एकोणिसाव्या शतकात उभा करून ठेवलाय. स्थानिक लोक त्याला 'लु फूसु दि ला वेक्या' म्हणतात, म्हणजे म्हातारीची चाती. मी त्याच्या सावलीत बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली. बुडाशी सरडे. वारा एवढा की पदर सावरता येईना.

सूत कातता कातता म्हातारी उठून गेली आणि चाती तिथेच राहिली. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे, मला हेच ऐकू आलं.

याच देवळात एक शिलालेख मिळाला. या या देवांमुळे आम्ही सेलिनसचे लोक जिंकतो, अशी त्यात यादी आहे. झ्यूसमुळे, आणि लगेच दुसरं नाव फोबोस, म्हणजे भय. मग हेराक्लीस, अपोलो, पोसायडन, मालोफोरोस आणि आणखी काही. जिंकण्याच्या यादीत भयाचं नाव दुसरं. कुणाच्या मनातलं भय? शत्रूच्या, असंच त्यांना म्हणायचं असणार. त्यांचा शत्रू ठरलेला होता, उत्तरेचं सेजेस्ता. भांडण कशावरून, तर थ्युसिडिडीस लिहितो, काही सोयरिकीचे प्रश्न आणि एक वादातली जमीन. वाचून मी पुस्तक मिटलं होतं. सोयरीक आणि बांध. आमच्या गावातले कोर्टात गेलेले सगळे दावे या दोन शब्दांत बसतात. आणि या भांडणाने काय काय ओढून आणलं! इ.स.पू. ४१६ मध्ये सेजेस्ताने अथेन्सकडे धाव घेतली. अथेन्सचे दूत पाहायला आले तेव्हा गावोगावची सोन्या-चांदीची भांडी उसनी आणून, तीच प्रत्येक घरच्या पंगतीत फिरवून, आपण केवढे श्रीमंत ते दाखवलं. अथेन्सचं प्रचंड आरमार आलं, सिसिलीतल्याच सिराक्यूज या ग्रीक नगरीसमोर बुडालं, उरलेले सैनिक तिथल्या दगडांच्या खाणींत कोंडले गेले आणि त्यांतले कित्येक तिथेच मेले. सेजेस्ता भेदरलं. वादातली जमीन सोडून दिली. सेलिनसने तेवढ्यावर थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत, त्यापलीकडची जमीनही बळकावली. मला इथे त्यांचा राग येतो. आपल्या माणसाचा येतो तसा. देवळाचं काम चालू, भट्ट्या पेटलेल्या, बंदरं भरलेली, आणि तरी अजून चार बिघे हवे.

सेजेस्ताने मग कार्थेजला हाक दिली. एकेकाळी, इ.स.पू. ४८० मध्ये, सेलिनस कार्थेजच्या बाजूचं होतं. त्या वर्षी हिमेराच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार मेला. आता इ.स.पू. ४०९ मध्ये चालून आला तो त्याचा नातू हॅनिबल. आल्प्स ओलांडणारा हॅनिबल हा नव्हे, तो पुढे दोनशे वर्षांनी. सहा उंच मनोरे आणि लोखंडी तोंडाचे ओंडके घेऊन तो तटाला भिडला. नऊ दिवस. डायोडोरसने ते दिवस लिहिलेत ते वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. म्हातारे तटावर, बायका अन्न आणि बाण पोचवताहेत. तट फुटल्यावर लढाई गल्ल्यांत शिरली तेव्हा बायका-पोरं घरांच्या छपरांवर चढून दगड आणि कौलं फेकत होती. त्या कुंभारवाड्यात भाजलेली कौलं. तिथल्याच उत्खननात भाजायची राहून गेलेली कच्ची भांडी आणि कौलंही निघाली आहेत. मदतीला निघालेली सिराक्यूजची तीन हजारांची पहिली तुकडी वाटेतल्या अक्रागस नगरीपर्यंत पोचली तोवर सगळं संपलं होतं. सोळा हजार मेले, पाच हजारांवर कैद झाले, आणि दोन हजार सहाशे लोक अक्रागसला पोचले, जिथे त्यांना घरोघरी जागा मिळाली, धान्य मिळालं. देवळं तरी वाचवा म्हणून दूत गेले तेव्हा हॅनिबल म्हणाला, देव या लोकांवर रागावून नगरी सोडून गेलेत.

याच बातमीने कुझातली टाकी थांबली असणार. अकरा-बारा किलोमीटरांवरून धूर दिसला असेल. तिथला माणूस चरातून वर आला असेल, कदाचित टाकी हातात तशीच. बायको-पोरं नगरीत, पळावं कुठे, नगरीकडे की नगरीपासून दूर? मी त्या चरात उभी होते तेव्हा मला मरणाऱ्यांपेक्षा हा माणूस जास्त छळत होता. पडलेल्या देवळाकडे पाहिलं की आपण म्हणतो, होतं. पण आखून ठेवलेल्या वर्तुळाकडे पाहून होतं म्हणवत नाही. ते अजून देवळाकडे निघालेलं आहे. त्या सगळ्या नगरीत पुढचं पाहणारं एवढंच काही उरलंय, आणि ते नगरीबाहेर आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मन रमत नाही. सिराक्यूजच्या हर्मोक्रेटीस या सेनापतीने वर्षभराने येऊन तटाचा काही भाग बांधला, पांगलेले लोक परत आणले. मग नगरी कार्थेजच्या अमलाखाली गेली. समुद्राकडच्या टेकडीवर लहान घरं झाली. ए देवळाच्या उंबऱ्याआतल्या फरशीवर कार्थेजच्या तानित देवीचं चिन्ह बसवलेलं आजही दिसतं, तिथे लोक राहत होते. रोमशी पहिलं युद्ध चालू असताना, इ.स.पू. २५० च्या सुमारास, कार्थेजने उरलेल्या सगळ्यांना उचलून लिलिबेयमला, आजच्या मार्सालाला, नेलं. त्यानंतर तिथे नगरी म्हणून काही झालं नाही. देवळं हॅनिबलने पाडली असं बरेच जण समजतात, पण ती भूकंपांनी आडवी केली, फार नंतर.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या सेलिनस नदीचं पाणी तुंबून सडायचं, दुर्गंधी सुटायची, रोगराईने माणसं मरायची, बायका बाळंतपणात अडायच्या. अक्रागसचा तत्त्ववेत्ता एम्पेडोक्लीस याने पदरच्या खर्चाने शेजारच्या दोन नद्यांचं पाणी वळवून तिच्यात सोडलं आणि ती वाहती केली, अशी कथा आहे. नगरीच्या चांदीच्या नाण्यांवर नदीदेव वेदीवर अर्घ्य देताना दिसतो, मागे ते सेलरीचं पान. माणसं गेली, नदीची काळजी घेणारं कुणी उरलं नाही, दलदल परत आली. १८२३ मध्ये सॅम्युएल एंजेल आणि विल्यम हॅरिस हे दोघे तरुण इंग्रज वास्तुविशारद तिथे खणायला आले. सी देवळाच्या माथ्यावरचे कोरीव चौकोन त्यांनी मातीतून काढले. ग्रीक कथांतला वीर पर्सियस मेदुसा राक्षसिणीचा गळा कापतोय आणि कापता कापता सरळ आपल्याकडे पाहतोय, असा तो एक. पालेर्मोला मी त्याच्यासमोर बराच वेळ होते. त्याच वर्षी हॅरिस मलेरियाने गेला. एम्पेडोक्लीसने घालवलेला ताप बावीसशे वर्षांनी परत येऊन, नगरीला उजेडात आणणाऱ्याला घेऊन गेला.

त्या संध्याकाळी नदीच्या, आता मोदिओने म्हणतात तिच्या, काठाने चालत मी एक पान खुडून चुरडलं. ते सेलिनोनच होतं का, मला सांगता येणार नाही. ओव्याच्या जवळचा, किंचित कडवट, ओलसर वास होता. हाताला रात्रीपर्यंत राहिला.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला फोन लावला. म्हणायचं होतं, थांब, मी येते, मग ठरवू. निदान एका खांबाच्या तरी ठेव. पण पलीकडून ग्राइंडरचा कर्कश आवाज येत होता. "सुरू झालं ताई, पंचवीस झाल्या," तो ओरडून म्हणाला. मग गच्चीवरून खाली उतरला असावा, आवाज कमी झाला. म्हणाला, "अण्णांनी शेवटच्या वर्षीही सिमेंट फासलं होतं गं. आतून काही सळया अजून काळ्याकुळकुळीत आहेत, गंजल्याच नाहीत." दोघेही काही बोललो नाही. भंगारवाल्याने वजनावर नेल्या.

श्रावणात गेले तेव्हा घर कोरडं होतं. गच्चीवर पांढरा लेप दिलाय, डोळे दिपतात. आई मागून जिन्याचा कठडा धरत हळूहळू वर आली. आता ती क्वचितच चढते. दोरी बांधायला भावाने पॅरापेटला हुक ठोकून दिलेत, पण ते तिला उंच पडतात. नुकतीच एक सर येऊन गेली होती, लेप ओला आणि गार. मी अनवाणी फिरत होते. कापलेल्या जागा सिमेंटने बुजवून वरून रंग दिलाय तरी पायाला कळतात, जरा उंचवट्यासारखे नऊ गोल. एकेक शोधत मी पूर्वेच्या कोपऱ्याशी आले आणि समोरचा डोंगर पाहत थांबले.

"तिथं कशाला उभी राहिलीस," आई म्हणाली, "तिथं भिंत येते. इकडं ये, खिडकी इकडं आहे."